विधी विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य

कायद्याच्या विद्यार्थ्यांमधील नैराश्य, चिंता व व्यसनाधीनता यांना आळा घालण्यासाठी आणि गरजूंना वेळेवर मदत मिळावी म्हणून शिक्षणसंस्था व वकिलीच्या नियामक संस्थांनी करावयाची व्यवस्था.

हा त्रास विद्यार्थी सोबत घेऊन येतात की विधिशिक्षणामुळे तो उद्भवतो, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना विद्यापीठातील १९८६ च्या अभ्यासात प्रवेशापूर्वी विद्यार्थ्यांची स्थिती सर्वसाधारण लोकांसारखीच आढळली. पहिल्या वर्षाअखेर सुमारे ३२ टक्के, तर तिसऱ्या वर्षी ४० टक्के विद्यार्थ्यांत नैराश्याची लक्षणे दिसली. एकाच विद्यापीठावर आधारलेले हे आकडे सरसकट लागू करता येत नाहीत. तथापि मानसशास्त्रज्ञ शेल्डन व विधीचे प्राध्यापक क्रीगर या अमेरिकी संशोधकांच्या २००४ व २००७ मधील अभ्यासांचा कौलही शिक्षणपद्धतीकडेच बोट दाखवतो. विषयाची मुळातली ओढ असणाऱ्यांना चांगले गुण मिळतात. पण तेच पुढे पैसा व प्रतिष्ठेच्या नोकऱ्यांकडे वळू लागतात, असे त्यांना दिसले. विद्यार्थ्यांच्या मताला व निवडीला वाव देणाऱ्या विद्यालयात स्वास्थ्याची घसरण कमी होती आणि सनद (वकिलीचा परवाना) परीक्षेचा निकालही सरस होता. शिस्त सैल केली की दर्जा घसरतो, या आक्षेपाला हे थेट उत्तर ठरते.

अमेरिकेतील १५ विधी विद्यालयांच्या २०१४ च्या पाहणीत १७ टक्के विद्यार्थ्यांत नैराश्याची, तर ३७ टक्के विद्यार्थ्यांत चिंतेची लक्षणे आढळली. ही चाळणी-प्रश्नावलीतील (प्राथमिक तपासणीसाठीच्या प्रश्नांची) उत्तरे होत, वैद्यकीय निदान नव्हे. मदत न घेण्यामागे सनद किंवा नोकरी हुकण्याची भीती अनेकांनी नोंदवली. सनदेच्या अर्जात आजाराचा पूर्वेतिहास विचारला की उपचार लांबतात. म्हणून निदानाऐवजी केवळ वर्तनाविषयी विचारावे, हे मत आता बळावले आहे.

उपाययोजनेत परीक्षापद्धतीचा विचार प्रथम करावा लागतो. सगळे गुण सत्राअखेरच्या एकाच लेखी परीक्षेवर असतील, तर आपले नेमके काय चुकते हे विद्यार्थ्याला फार उशिरा कळते. सत्राच्या मध्यावर गुण न देता एक उत्तर लिहून घ्यावे आणि मुद्दा निवडणे, नियम मांडणे, तो वस्तुस्थितीला लावणे यांपैकी कोठे अडले, हे समासात लिहून ते परत करावे. ठरावीक टक्क्यांनाच वरची श्रेणी देण्याची पद्धत असेल, तर सहाध्यायी प्रतिस्पर्धी होतात व टिपणांची देवाणघेवाणही आटते. हे तसेच ठेवून ऐन परीक्षेच्या तोंडावर ध्यानधारणेची कार्यशाळा घेतल्यास फारसे काही साधत नाही. ज्यांना वेळ काढता येतो तेच तिला येतात.

समुपदेशकाकडे अध्यापन, हजेरी वा शिस्तभंगाचे काम नसावे. नोंदी शैक्षणिक दप्तरापासून वेगळ्या ठेवाव्यात आणि गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच भेटीत सांगाव्यात. कोणी खचलेला दिसल्यास शिक्षकाने एकांतात, आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने ते विचार बळावतात, हा गैरसमज आहे. तातडीचा धोका वाटल्यास त्याला एकटे सोडू नये. नुसता दूरध्वनी क्रमांक हाती न देता समुपदेशकापर्यंत स्वतः सोबत जावे.

विधी साहाय्य केंद्रात अत्याचारपीडितांची प्रकरणे हाताळणाऱ्यांना पोहोचणारा मानसिक आघात हा निराळा प्रश्न असून, तेथे पर्यवेक्षकाशी नियमित बोलणे व प्रकरणांची अदलाबदल हे उपाय योजतात.