गाडी मिसिंग मारतेय? सुटे भाग बदलण्याआधी हे वाचा

सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग थरथरतं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी आधी अडखळते आणि मग धावते, सायलेन्सरमधून मधूनच ‘फट्’ असा आवाज येतो. गॅरेजच्या भाषेत गाडी मिसिंग मारते. इंजिनाच्या तीन किंवा चार सिलिंडरपैकी एखाद्यात ठरल्या वेळी पेट्रोल पेटतच नाही, एवढाच त्याचा अर्थ. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर शांत चालू असतं तेव्हा प्रत्येक सिलिंडरने मिनिटाला ४०० वेळा पेट घ्यायचा असतो. त्यातले थोडे ठोके चुकले तरी सीटवर बसलेल्याला कळतं.

एक खुलासा मात्र आधीच करतो. वॅगनआर १.०, क्विड, टियागो अशा तीन सिलिंडरच्या गाड्या उभ्या असताना मुळातच थोड्या थरथरतात. ही थरथर एकसारखी असते. मिसिंगमध्ये ठेका चुकतो. फरक ओळखू येत नसेल तर गाडी घेऊन या, दोन मिनिटं ऐकून सांगतो, त्याचे पैसे नाहीत.

दिवा लुकलुकत असेल तर

डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनाचा दिवा नुसता लागून राहिला असेल तर गाडी सावकाश चालवत गॅरेजपर्यंत आणता येते. तोच दिवा लुकलुकायला लागला तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा, गाडी बाजूला घ्या आणि टोइंगसाठी फोन करा. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल अशा वेळी सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन जळतं. आतली जाळी लाल होते, वितळते. ठिणगी पाडणाऱ्या एका स्पार्क प्लगच्या किमतीत मिटणारं काम मग महिन्याच्या पगारावर जातं.

आम्ही आधी प्रश्न का विचारतो

गाडीने नोंदवलेले दोष वाचणारा स्कॅनर लावायच्या आधी आम्ही दहा प्रश्न विचारतो, तेव्हा काही ग्राहक वैतागतात. पण निम्मं निदान तिथेच होतं. सकाळी थंड इंजिनाला दोन मिनिटं मिसिंग आणि मग सगळं ठीक, असं असेल तर आमचा संशय एका बाजूला जातो. फक्त घाटात, तिसऱ्या गिअरमध्ये चार माणसं बसलेली असताना झटके येत असतील तर दुसऱ्या. इंजिनावर ताण आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला कॉइलला, म्हणजे प्लगला वीज देणाऱ्या भागाला, जास्त जोर लावावा लागतो. दमलेला प्लग किंवा तडा गेलेली कॉइल सपाट रस्त्यावर खपून जाते, यवतेश्वरच्या चढाला उघडी पडते. म्हणूनच तुमची गाडी आम्ही त्या चढावर नेऊन आणतो, फिरायला नव्हे!

पाऊस किंवा सर्व्हिसिंगचं धुणं झाल्यावर लगेच सुरू झालेलं मिसिंग बहुतेक वेळा प्लगच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्याचं असतं. पाणी काढून, कॉइलचं रबर कोरडं करून काम भागतं. प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुऊन घेऊ नका, असं आम्ही दर पावसाळ्यात सांगतो.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, क्रँक शाफ्टच्या (सिलिंडरच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) फिरण्यावर नजर ठेवून असतो. एखाद्या सिलिंडरने जोर दिला नाही की शाफ्ट क्षणभर मंदावतो, आणि ईसीएम तसा कोड लिहून ठेवतो. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, याप्रमाणे. पी०३०० आला तर चूक एका जागी टिकून नाही; मग पेट्रोलचा दाब, हवा कुठून गळत शिरतेय का, अर्थिंग, भेसळीचं पेट्रोल असं सगळ्या सिलिंडरना सामाईक असलेलं काही तरी शोधावं लागतं. गंमत म्हणजे फार खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांचे हिसके शाफ्टपर्यंत पोचतात आणि मिसिंग नसतानाही कधी कधी कोड येतो. आपले रस्ते पाहता हे लक्षात ठेवावं लागतं.

पण पी०३०३ याचा अर्थ ‘तिसऱ्याची कॉइल गेली’ असा नाही. तिसऱ्यात जळण होत नाही, इतकंच तो कोड म्हणतो. कारण कॉइल असेल, प्लग असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर असेल, वायर असेल, नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. इथेच बरेच लोक अंदाजाने माल बदलायला घेतात.

आम्ही आधी अदलाबदल करतो. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावतो, कोड पुसतो आणि गाडी फिरवून आणतो. आता पी०३०१ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. पी०३०३ तसाच राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची तशीच अदलाबदल करून पाहतो, मग इंजेक्टरची. या खटाटोपात एकही नवा भाग लागत नाही, फक्त वेळ लागतो.

प्लग काढल्यावर त्याचं तोंड पाहतो. तांबूस-करडा रंग चांगला. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे तिथे पेटच लागत नाही. तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील, म्हणजे ऑइल आत येऊ न देणारे भाग, झिजलेले. बाकीचे करडे आणि एकच धुतल्यासारखा लख्ख निघाला तर आनंद मानू नका. त्या सिलिंडरमध्ये कूलंट शिरत असण्याची शक्यता असते, म्हणजे हेड गॅसकेटकडे (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पॅकिंगकडे) पाहावं लागतं.

हे सगळं ठीक निघालं तर कॉम्प्रेशन. तीन सिलिंडर १२ बार दाखवतात आणि चौथा ८, तर प्रश्न इंजिनाच्या आत आहे. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतो. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट.

सीएनजीवाल्यांसाठी

‘पेट्रोलवर घेतली की मिसिंग जातं, म्हणजे किटच खराब,’ असं ऐकवणारे आमच्याकडे आठवड्याला दोन तरी येतात. कधी ते खरं असतं: गॅसचा फिल्टर तुंबलेला किंवा गॅसचे इंजेक्टर चिकट झालेले. पण गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते. त्यामुळे प्लग थकायला लागले की पहिली तक्रार सीएनजीवरच येते. किट उघडण्याआधी प्लग तपासा.

दुसरं, गॅस कोरडा असतो. व्हॉल्व्हच्या सीट त्यावर लवकर झिजतात, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टपेटमधली (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागातली) फट कमी होते. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. टपेट हाताने सेट करावे लागतात अशा इंजिनांत गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतराने ते तपासून घ्या.

उंदीर

हसू नका. गेल्या पावसाळ्यात एक गाडी आली, दुसरीकडे चारही कॉइल बदलून झालेल्या, मिसिंग तसंच. दोष होता उंदराने कुरतडलेल्या इंजेक्टरच्या एका वायरीत. वायर जोडून, आवरण चढवून गाडी तासाभरात गेली. जुन्या कॉइल मात्र तोवर भंगारात गेल्या होत्या, म्हणून आमच्याकडे बदललेला प्रत्येक जुना भाग तुमच्या हातात परत मिळतो.

पैशांचं

तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो आणि आधी सांगतो. दुरुस्ती इथेच केलीत तर ते बिलातून वजा होतात. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतात, तिची तपासणी वेगळी आणि वेळही जास्त; त्यासाठी आधी फोन करा.

येताना

तक्रार सकाळच्या थंड इंजिनाची असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी सोडून जा, नाही तर इथे पोचेपर्यंत ती शहाण्यासारखी चालायला लागते. बॅटरीची वायर काढू नका आणि कुणाकडून कोड पुसून घेऊ नका. दोष आला तेव्हा इंजिन किती गरम होतं, वेग किती होता, ही नोंदही त्याबरोबर पुसली जाते. आणि सीएनजीवाल्यांनी टाकीत निदान पाच लिटर ताजं पेट्रोल ठेवून या. काटा शून्यावर टेकवून आलात तर पेट्रोलवरची तपासणीच करता येत नाही.