हरीणशिकार, ब्रिटनमधील : नवशिक्याची पात्रता

रायफल घेऊन पायी माग काढत, वाऱ्याची दिशा सांभाळत रानटी हरणाच्या टप्प्यात जायचे आणि एका गोळीत ते पाडायचे, या शिकारीला ब्रिटनमध्ये डिअर स्टॉकिंग म्हणतात. घोड्यांवरून कुत्र्यांचा ताफा सोडून होणारी शिकार निराळी. तिच्यावर इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने बंदी आली. स्टॉकिंगला पहिल्यांदा जाणाऱ्याने आधी एखादी परीक्षा उत्तीर्ण झालेली असावी, अशी सरसकट सक्ती इंग्लंड, वेल्स किंवा स्कॉटलंडमध्ये रूढ नाही. 'डिअर स्टॉकिंग सर्टिफिकेट' (डीएससी) नावाची दोन पातळ्यांची पात्रता आहे, पण ती ऐच्छिक आहे. मात्र रायफलचा परवाना देणारे पोलीस, जमिनीचा मालक आणि मांस विकत घेणारा व्यापारी यांपैकी कोणी ना कोणी बहुधा कौशल्याचा पुरावा मागतो. त्यामुळे रायफल कोणाची, जमीन कोणाची आणि मांस कुठे जाणार, यावर नवशिक्याला कशाची गरज पडेल हे ठरते.

ब्रिटनमध्ये हरणांच्या सहा जाती मोकळ्या वावरतात. त्यांपैकी तांबडे हरीण आणि रो या दोनच मूळच्या. फॅलो, सिका, मुंटजॅक आणि चिनी पाणहरीण माणसाने बाहेरून आणले. यातले मुंटजॅक आपल्या सह्याद्रीतल्या भेकराचे चिनी भाऊबंद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वोबर्नच्या जहागिरीतून ते बाहेर पडले आणि दक्षिण इंग्लंडभर पसरले. लांडगा आणि लिंक्स (एक मोठे रानमांजर) शेकडो वर्षांपूर्वीच नाहीसे झाल्यामुळे मोठ्या हरणांना नैसर्गिक शत्रू उरलेला नाही. कोवळी झाडे खाल्ली जातात, पिकांची नासाडी होते, रस्त्यावर गाड्यांना धडकून हरणे मरतात. म्हणून तिथे दरवर्षी ठरवून हरणे मारली जातात आणि या कामात पगारी रक्षकांबरोबर हौशी माणसांचा मोठा वाटा असतो. भारतीय वाचकाला हे आधी समजून घ्यावे लागते, कारण आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली चितळ, सांबर किंवा भेकर मारणे हा गुन्हा आहे.

रायफलचा परवाना : हरणासाठी लागणारी रायफल बाळगायला १९६८ च्या फायरआर्म्स कायद्याखाली पोलिसांचे प्रमाणपत्र लागते. ते पाच वर्षे चालते. अर्जदाराला रायफल का हवी याचे सबळ कारण द्यावे लागते आणि हरणांची शिकार करण्यासाठी जमीनमालकाची परवानगी असणे हे तसे कारण ठरते. पोलीस घरी येऊन रायफल ठेवायचे कुलूपबंद कपाट पाहतात, ओळखीच्या दोन व्यक्तींचे अभिप्राय घेतात, डॉक्टरांकडून आरोग्याची माहिती मागवतात. डीएससी नाही म्हणून अर्ज फेटाळावा, असे कायदा म्हणत नाही. पण रायफल कधीच हाताळलेली नाही असा अर्जदार समोर आला की पोलिसांना विचार करावाच लागतो. काही वेळा ते परवान्यावर अट घालतात : अनुभवी माणूस बरोबर असल्याशिवाय शिकार करायची नाही, किंवा पोलिसांनी योग्य ठरवलेल्या जमिनीबाहेर रायफल चालवायची नाही. हातात प्रमाणपत्र असले की हे बोलणे सोपे होते. बरेच नवशिके डीएससीकडे वळतात ते मुख्यतः याच कारणाने.

स्वतःचा परवाना नसलेल्यालाही एक कायदेशीर वाट आहे. खासगी जमिनीवर, परवानाधारकाच्या उपस्थितीत, त्याने दिलेली रायफल सतरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती वापरू शकते. रायफल देणाऱ्याला त्या जमिनीवर शिकार करू देण्याचा हक्क किंवा तशी लेखी मुभा असावी लागते आणि मोठी शिक्षा भोगलेल्यांना ही सवलत नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ जहागिऱ्यांमधली पाहुण्यांची शिकार बरीचशी याच सवलतीवर चालते. पाहुणा सकाळी येतो, जहागिरीचा पगारी स्टॉकर त्याला आधी एका लक्ष्यावर गोळ्या झाडायला लावतो आणि त्याचा हात पाहतो. नेम बरा असेल तरच दोघे डोंगर चढतात. कोणते जनावर पाडायचे, कधी झोपून सरपटायचे, गोळी केव्हा सोडायची हे सगळे स्टॉकर ठरवतो, आणि बहुतेक वेळा रायफलही शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्याच खांद्यावर असते. नवशिक्यासाठी याहून सुरक्षित सुरुवात दुसरी नाही, असे प्रस्तुत नोंदलेखकाचे मत आहे. परीक्षेचा कागद नसला तरी बाजूला जाणता माणूस असतो.

परीक्षा नसली तरी कायदा सैल नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ चा डिअर ॲक्ट लागू आहे. मोठ्या हरणांसाठी रायफलच्या नळीचा व्यास किमान ०·२४० इंच आणि नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा किमान १,७०० फूट-पौंड लागते. मुंटजॅक आणि चिनी पाणहरणासाठी ही मर्यादा ०·२२० इंच आणि १,००० फूट-पौंड अशी खाली आणली आहे. गोळी लागताच पसरणारी असावी लागते. सूर्यास्तानंतर एक तास ते सूर्योदयापूर्वी एक तास या वेळात हरीण मारता येत नाही. रानटी हरीण कोणाच्या मालकीचे नसते, पण ते मारण्याचा हक्क जमिनीशी जोडलेला असतो. परवानगीवाचून घुसणारा चोरटा शिकारी ठरतो. स्कॉटलंडचा कायदा वेगळा (१९९६ चा), आणि तिथले गोळीचे निकष व बंदीचे काळही वेगळे. सीमेच्या दोन्ही बाजूंना शिकार करणाऱ्याला दोन्ही पाठ असावे लागतात.

बंदीचे काळ हे प्रकरण नवशिक्याला सर्वांत अवघड जाते, कारण तारखांमागचे जीवशास्त्र कळल्याशिवाय त्या लक्षात राहत नाहीत. इंग्लंडमध्ये रो जातीच्या नराची शिकार १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर, तर मादीची १ नोव्हेंबर ते ३१ मार्च. उन्हाळ्यात मादीच्या मागे दुधावरचे पाडस असते आणि ती पडली तर पाडस उपाशी मरते, म्हणून ही आखणी. मुंटजॅकला मात्र बंदीचा काळच नाही, कारण त्याची मादी वर्षभरात केव्हाही विते. इथे कायदा हात वर करतो आणि सारी जबाबदारी शिकाऱ्यावर येते. जाणते लोक सांगतात की मादी निवडायची तर उघडपणे गाभण दिसणारी किंवा अजून वयात न आलेली निवडावी, कारण या दोघींच्या मागे दूध पिणारे पिल्लू असण्याची शक्यता सर्वांत कमी. ऐकायला हे कठोर वाटते, पण झुडपात भुकेने मरणाऱ्या पिल्लाचा विचार केला की त्यातला दयेचा भाग दिसतो. परीक्षा नसलेल्या देशात हे ज्ञान नवशिक्यापर्यंत पोचवायचे कोणी, या प्रश्नातूनच डीएससी जन्माला आले.

डीएससी पातळी १ : १९९० च्या दशकात हरीणविषयक संघटनांच्या जुन्या, वेगवेगळ्या परीक्षा एकत्र करून ही पात्रता आकाराला आली. 'डिअर मॅनेजमेंट क्वालिफिकेशन्स' ही संस्था ती देते. शिकवण्याचे काम ब्रिटिश डिअर सोसायटी (स्थापना १९६३), ब्रिटिश असोसिएशन फॉर शूटिंग अँड कॉन्झर्व्हेशन आणि इतर केंद्रे करतात. वर्ग आणि परीक्षा मिळून साधारण तीन-चार दिवसांचे काम. बहुपर्यायी लेखी प्रश्न असतात, चित्रांवरून जात, लिंग आणि वय ओळखायचे असते, मांसाच्या स्वच्छतेवर वेगळे प्रश्न असतात. मग उमेदवाराला शिकारीच्या नकली फेरीवर नेतात. वाटेत हरणांच्या आकृत्या उभ्या केलेल्या असतात आणि प्रत्येकीसमोर एकच सवाल : इथे गोळी झाडावी का? आकृती टेकाडाच्या कडेवर आकाशाला भिडून उभी असेल, तर चुकलेली गोळी मैलोन् मैल जाईल. मागे मऊ मातीचा चढ असेल तर ती तिथेच रुतेल. कधी झुडपाआड पायवाट असते, कधी त्या हरणामागे दुसरे हरीण उभे असते. रायफल बाळगणाऱ्याला हा निर्णय आयुष्यभर घ्यावा लागतो.

नेमबाजीची चाचणी दोन टप्प्यांत होते. आधी शंभर मीटरवरून तीन गोळ्या दहा सेंटिमीटरच्या वर्तुळात बसवायच्या. मग हरणाच्या आकृतीवर सहा गोळ्या : शंभर मीटरवरून दोन, सत्तर मीटरवरून बसून किंवा गुडघ्यावर टेकून दोन, चाळीस मीटरवरून उभ्याने दोन. सगळ्या हृदय-फुप्फुसांच्या भागात बसल्या पाहिजेत. सराव केलेल्याला हे अवघड नाही. ज्याला ते जमत नाही त्याने जिवंत जनावरावर रायफल रोखू नये, हे इतके साधे आहे की त्यावर वाद होऊ नये.

पण पातळी १ उत्तीर्ण झालेल्याने एकही हरीण पाहिलेले नसू शकते. हृदय-फुप्फुसांत गोळी लागलेले हरीणही अनेकदा पन्नास-शंभर मीटर पळते आणि दिसेनासे होते. अशा वेळी मागे धावत सुटणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. जागा लक्षात ठेवून थोडा वेळ थांबावे, मग जिथे गोळी लागली तिथली जमीन वाचावी. फिकट गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, जनावर जवळच पडलेले असणार. काळपट रक्त म्हणजे यकृताची शक्यता. हिरवट, चघळलेल्या चाऱ्याचा ओलावा दिसला तर गोळी पोटात लागली आहे. अशा वेळी घाई केली तर जखमी जनावर उठून आणखी लांब जाते, म्हणून बराच वेळ जाऊ देऊन माग काढणारा कुत्रा आणावा लागतो. त्यानंतर कोथळा काढायचा : आतडी न फाडता पोट रिकामे करायचे, यकृत, फुप्फुसे आणि आतड्यांलगतच्या लसिकाग्रंथी तपासायच्या, क्षयाच्या गाठी किंवा आणखी काही वावगे दिसले तर पुढे कळवायचे. हे वर्गात सांगता येते, पण हाताला वळण लागते ते रानातच.

पातळी २ यासाठीच आहे. इथे वेगळा लेखी पेपर नाही. मान्यताप्राप्त साक्षीदाराच्या नजरेसमोर उमेदवाराने तीन हरणे शोधून, ओळखून, माग काढून, पाडून, साफ करून दाखवायची आणि प्रत्येकाची नोंद सादर करायची. सरकारी वनजमिनींवर किंवा व्यावसायिक कामासाठी बहुधा याच पातळीची विचारणा होते. खासगी मालकही अनोळखी माणसाला परवानगी देताना प्रमाणपत्र आणि दायित्व-विमा पाहतात.

मांस स्वतः खायचे असेल तर कागदाची गरज नाही. मान्यताप्राप्त शिकार-मांस प्रक्रिया केंद्राला विकायचे असेल तर मात्र जनावर प्रशिक्षित शिकाऱ्याने तपासून तसे लिहून द्यावे लागते. युरोपीय संघाच्या २००४ च्या अन्नस्वच्छता नियमांतून ही अट आली. डीएससी पातळी १ मध्ये मांसस्वच्छतेचा भाग घातल्यामुळे ते उत्तीर्ण होणारा या अर्थाने प्रशिक्षित धरला जातो.

स्कॉटलंडमध्ये सक्तीचा प्रश्न वारंवार वर येतो. २०११ च्या कायद्याने हरीण मारण्यास सक्षम व्यक्तींची नोंदवही सक्तीची करण्याचा अधिकार तिथल्या मंत्र्यांना दिला. रात्री मारण्यासारख्या खास परवानग्यांसाठी नेचरस्कॉट ही सरकारी संस्था आधीपासूनच सक्षमतेचा पुरावा पाहते. सक्तीचे समर्थक जर्मनीकडे बोट दाखवतात. तिथे लेखी, तोंडी-प्रात्यक्षिक आणि नेमबाजी अशा तिन्ही भागांत उत्तीर्ण झाल्याशिवाय शिकारीचा परवानाच मिळत नाही. नॉर्वेतही परीक्षा सक्तीची आहे, आणि मोठ्या जनावरांसाठी दरवर्षी नेमबाजीची चाचणी द्यावी लागते. विरोधकांचे म्हणणे असे की पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात वाढलेल्या स्टॉकरला कागद मागणे म्हणजे चांगली माणसे गमावणे, आणि हरणे तर आधीच जास्त आहेत. या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते जुन्या जाणत्यांना लागू पडते. शहरातून पहिल्यांदा रायफल घेऊन येणाऱ्याला नाही. नव्यांसाठी पातळी १ सक्तीची करून जुन्यांना सूट देणे हा मार्ग नोंदलेखकाला न्याय्य वाटतो.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाला हे सगळे नियम इतरांसारखेच लागू आहेत. भारतातला शस्त्रपरवाना तिथे चालत नाही. पाहुणा म्हणून जाणारा वर सांगितलेल्या सवलतीत यजमानाची रायफल वापरू शकतो. स्वतःची रायफल न्यायची असेल तर ब्रिटनमधल्या यजमानाने स्थानिक पोलिसांकडे पाहुण्यासाठीच्या परवान्याचा अर्ज आधी करावा लागतो.