विज्ञानकथा आणि फँटसी लघुकथांमधल्या स्त्रीवादी नायिका

सायन्स फिक्शन आणि फँटसीच्या छोट्या कथांमध्ये ज्या बायका स्वतःचा निर्णय स्वतः घेतात आणि 'बाईमाणसाने असंच वागायचं' हे मोडीत काढतात, त्यांना ढोबळमानाने स्त्रीवादी नायिका म्हणतात. नुसती हातात तलवार दिली की झालं असं नाही, समोरचा तिच्याकडे कसा बघतो हे या कथांमध्ये जास्त महत्त्वाचं असतं.

फार आधीचं एक उदाहरण तर आपल्याकडचंच आहे. बंगालच्या रुकैया सखावत हुसैन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा १९०५ मध्ये मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये छापून आली. सुलताना स्वप्नात लेडीलँडला पोचते, तिथे बायका बाहेर आणि पुरुष घरात पडद्याआड, आणि रस्त्यातल्या बायका हिला हसतात की ही किती पुरुषी दिसते, पुरुषी म्हणजे काय तर लाजरीबुजरी (आपल्या 'बायकी'चं बरोब्बर उलटं!). खरी नायिका मात्र तिला हे सगळं दाखवणारी सिस्टर सारा, कारण सगळा हिशोब तीच मांडते: एक चिरूट ओढायला अर्धा तास, दिवसाला बारा चिरूट, म्हणजे पुरुषाचे सहा तास धुरातच गेले, म्हणून बायकांचं ऑफिस दोन तासांत उरकतं. लढाईसुद्धा तलवारीने नाही, विद्यापीठातल्या मुली सूर्याची उष्णता शत्रूवर सोडून जिंकतात.

तलवारवाली बघायची तर सी. एल. मूर यांची जिरेल ऑफ जॉयरी, 'वियर्ड टेल्स' मासिक, ऑक्टोबर १९३४. हरलेल्या सेनापतीचं शिरस्त्राण काढतात तर आत बाई! शेवटी ती आपल्याला हरवणाऱ्या पुरुषावर सूड घेते आणि मग लक्षात येतं की प्रेम त्याच्यावरच होतं, हा शेवट मला तरी पटत नाही.

जोआना रस यांच्या 'व्हेन इट चेंज्ड' (१९७२) मध्ये फक्त बायकांच्या ग्रहावर पुरुष उतरतात आणि विचारतात, माणसं कुठेत सगळी? समोर बायका उभ्या असताना.

जेम्स टिपट्री ज्युनियर यांच्या 'द विमेन मेन डोन्ट सी' (१९७३) मध्ये विमान पडल्यावर रूथ पार्सन्स मुलीला घेऊन सरळ परग्रहवासीयांबरोबर निघून जाते आणि गोष्ट सांगणाऱ्या पुरुषाला ती का गेली ते उमगतच नाही. टिपट्रींचं लिखाण पुरुषीच आहे असं विज्ञानकथालेखक रॉबर्ट सिल्व्हरबर्गनी १९७५ मध्ये ठासून लिहिलं होतं, पुढे कळलं की त्या अ‍ॅलिस शेल्डन नावाच्या बाई आहेत.