गाडीचा एसी थंड करत नाहीये? गॅस भरायच्या आधी हे एकदा वाचा

एप्रिल लागला की आमच्या वर्कशॉपमध्ये दहातले सात-आठ जण एकच वाक्य बोलत येतात, "गॅस संपलाय, भरून द्या." म्हणून हे सगळ्यात आधी सांगतो, एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. पाइप, कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल ही सगळी बंद साखळी आहे, तोच गॅस आत गोल गोल फिरत असतो. बरीच वर्षं झालेल्या गाडीत रबरी होजमधून थोडाफार कमी होतो, ते ठीक आहे, पण मागच्या वर्षी भरला आणि यंदा परत नाही म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि ते शोधल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी ओतणं.

पण प्रत्येक वेळी गॅसच असतो असंही नाही, त्यामुळे आमच्याकडे यायच्या आधी घरीच थोडं बघून घ्या, कदाचित यावंच लागणार नाही.

आधी हवा किती येतेय ते बघा. ब्लोअर चारवर ठेवूनही हवा मंद येत असेल पण जी येते ती गार असेल तर केबिन फिल्टर चोक झालेला असतो, बहुतेक गाड्यांमध्ये तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांच्या फिल्टरमध्ये आम्हाला गुलमोहराची पानं, धूळ, कधीकधी उंदराचं घरटंसुद्धा सापडतं. काढून बघा, काळा पडला असेल तर धुवत बसू नका, कागदी फिल्टर बदलायचाच असतो.

हवा भरपूर येते पण गरम, तर एसीचं बटण दाबून बाहेर कान द्या. जुन्या पद्धतीच्या कॉम्प्रेसरला (गॅस दाबून फिरवणारा पंप) स्वतःचा क्लच असतो, तो कॉम्प्रेसर इंजिनाला जोडतो-सोडतो, तो लागताना "टक" आवाज येतो. आवाज नाही तर फ्यूज, रिले, क्लचची कॉइल किंवा गॅस खूप कमी, यातलं काहीतरी. (बऱ्याच नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो, तिथे आवाज आला नाही म्हणून घाबरू नका.) बोनेट उघडलं असेल तर हात, ओढणी, मफलर फॅनपासून लांब ठेवा, तो मध्येच आपोआप चालू होतो.

आता पुण्यातली सगळ्यात कॉमन तक्रार. हायवेला मस्त थंड, पण हिंजवडीच्या नाहीतर सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की गरम हवा. हे असं होत असेल तर पहिला संशय कंडेन्सर आणि त्याच्या फॅनवर. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढची जाळी, आतली उष्णता बाहेर टाकायचं काम तिचं. गाडी पळत असते तेव्हा वारा आपोआप लागतो, उभी राहिली की सगळी भिस्त फॅनवर, आणि फॅन बंद असेल किंवा जाळीत धूळ-चिखल बसला असेल तर उष्णता जाणार कुठे? जाळी साध्या पाण्याने हलक्या धारेने धुवा, प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पत्रे वाकतात. आणि टेंपरेचरचा काटाही वर जात असेल तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्या, मग तो प्रश्न एसीपुरता राहिलेला नाही.

लांबच्या प्रवासात तासाभराने हवाच कमी होते आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवला की परत येते, असं असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय, सेन्सर किंवा फिल्टर बघावा लागतो. कात्रज घाट चढताना पाय पूर्ण दाबल्यावर कूलिंग क्षणभर कमी झालं तर तो बिघाड नाही, इंजिनाला ताकद मिळावी म्हणून बऱ्याच गाड्या कॉम्प्रेसर मुद्दाम सोडतात. गाडीखाली पाणी ठिबकणंही नॉर्मल आहे, तेच पाणी आत पायाशी आलं तर ड्रेन पाइप तुंबलाय.

गॅसचं काम आम्ही कसं करतो तेही सांगतो, म्हणजे दुसरीकडे केलंत तरी काय विचारायचं ते कळेल. आधी नायट्रोजन भरून प्रेशर टिकतं का बघतो. लीक बहुतेक वेळा ओ-रिंगला (पाइपच्या जोडावरची रबरी रिंग), कंडेन्सरला दगड लागून पडलेल्या बारीक भोकाला नाहीतर कूलिंग कॉइलला सापडतं, आणि कॉइल असेल तर बऱ्याच गाड्यांचा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून खर्च जास्त येतो. लीक काढल्यावर साधारण अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे आतली ओल जाते, मग गॅस वजनावर. किती ग्रॅम ते बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, लहान गाड्यांना साधारण 350 ते 500. "थोडा जास्त भरा ना" असं कृपा करून म्हणू नका, जास्त गॅसने कूलिंग उलट कमी होतं. जुन्या गाड्यांत आर-134ए नावाचा गॅस असतो, काही नव्यांत आर-1234वायएफ, दोन्ही एकमेकांत मिसळायचे नाहीत.

आणि प्रेशर स्विच, म्हणजे गॅस खूप कमी झाला की कॉम्प्रेसर बंद ठेवणारा स्विच, "डायरेक्ट" करून, म्हणजे वायर जोडून टाळून, घेऊ नका. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं, गॅस नसताना तो फिरवला की कोरडा पडून जाम होतो, आणि मग त्याचा चुरा पूर्ण लाइनमध्ये जातो. काहीशे रुपयांची ओ-रिंग राहिली बाजूला आणि कॉम्प्रेसर, कंडेन्सर, व्हॉल्व्ह सगळं बदलायची वेळ आलेल्या गाड्या आम्ही बघितल्यात, फार वाईट वाटतं.

येताना गाडी शक्यतो सकाळी आणा आणि अर्धा दिवस ठेवायच्या तयारीने या, लीक घाईत सापडत नाही. शेवटचा गॅस कधी भरला, एसी उभ्या गाडीत जातो की पळताना, हे दोन आठवून ठेवा, आमचा अर्धा तपास तिथेच होतो. जुनं काढलेलं सामान आम्ही तुमच्या हातात देतो, मागायची गरज नाही.