मटेरियलाइज्ड व्ह्यू लॉग

मूळ टेबलात झालेल्या बदलांची नोंद ठेवणारे पूरक टेबल. साध्या व्ह्यूत नुसती क्वेरी (टेबलांना विचारलेला प्रश्न) असते. मटेरियलाइज्ड व्ह्यूत तिचे उत्तरही डिस्कवर साठवलेले असते, म्हणून ते शिळे होते. ते ताजे करणे म्हणजे रिफ्रेश. खालील वर्णन ओरॅकल या डेटाबेसचे आहे.

समजा, लातूरच्या आडत बाजारासाठी 'आवक' टेबलात प्रत्येक सौद्याची एक ओळ आहे आणि व्ह्यूत शेतमालनिहाय, दिवसनिहाय एकूण क्विंटल. तुरीच्या एका सौद्याचे वजन 12 वरून 12.5 क्विंटल केले की त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटात) 'एमलॉग$_आवक' टेबलात दोन ओळी पडतात, एक जुन्या वजनाची, एक नव्या. फास्ट रिफ्रेश, म्हणजे फक्त बदलांपुरता रिफ्रेश, त्यांतून अर्ध्या क्विंटलचा फरक काढून तेवढाच त्या दिवसाच्या तुरीत मिळवतो. बाकी हंगामाला हात लावत नाही. यासाठी लॉग 'इन्क्लूडिंग न्यू व्हॅल्यूज' (नवी मूल्येही नोंदवा) या पर्यायासह बनवावा लागतो. व्ह्यूत बेरजेबरोबर ओळींचा काउंटही हवा, कारण गटातली शेवटची ओळ पुसली गेली हे बेरजेवरून कळत नाही.

लॉगमधल्या नव्या ओळीवर 1 जानेवारी 4000 अशी तारीख असते: अजून कोणी वाचलेली नाही, ही तिची खूण. पहिला रिफ्रेश तिथे स्वतःची वेळ टाकतो. 11जी रिलीज 2 पासून कमिट एससीएनवर, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्के झाल्याच्या क्रमांकावर, चालणारा लॉग करता येतो. त्यात वेळ टाकण्याचे हे अपडेट करावे लागत नाही.

खरे दुखणे लॉग फुगण्याचे. एकच लॉग अनेक व्ह्यू वापरतात आणि सर्वांत मागे राहिलेला रिफ्रेश होईपर्यंत ओळी पुसल्या जात नाहीत. समजा, नांदेडचा एक सर्व्हर बंद केला, पण त्यावरच्या व्ह्यूची नोंदणी मूळ डेटाबेसात तशीच राहिली, तर लॉग वाढतच जातो. अशी नोंदणी आधी शोधावी, मग त्या व्ह्यूसाठी अडलेल्या ओळी पुसणारे 'पर्ज_एमव्ह्यू_फ्रॉम_लॉग' चालवावे. ओळी गेल्या तरी हाय वॉटर मार्क (टेबलाने आजवर व्यापलेल्या जागेची कमाल खूण) खाली येत नाही. रिकामा लॉगही वाचायला वेळ घेतो, म्हणून तो श्रिंक करावा, म्हणजे मोकळी जागा परत करावी. लॉग पाडून पुन्हा बनवला तर पुढचा फास्ट रिफ्रेश ओरा-12034 ही चूक देतो: लॉग शेवटच्या रिफ्रेशनंतरचा आहे. एकदा कम्प्लीट रिफ्रेश, म्हणजे संपूर्ण व्ह्यूचा रिफ्रेश, केल्यावाचून सुटका नाही.

कम्प्लीट रिफ्रेश नेहमीच्या पद्धतीत सगळ्या ओळी डिलीट करून पुन्हा भरतो, त्यामुळे अनडू (बदल मागे फिरवण्यासाठीच्या नोंदी) आणि रीडू (बदल पुन्हा करण्यासाठीच्या नोंदी) दोन्ही वाढतात. रिफ्रेशचा 'अॅटॉमिक_रिफ्रेश' पर्याय फॉल्स केला की ट्रंकेट होते, म्हणजे सगळ्या ओळी एका झटक्यात काढल्या जातात. वेग मिळतो, पण तेवढा वेळ व्ह्यू रिकामा दिसतो. सौदे चालू असताना हे करू नये.

पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या गाभ्यात असा लॉग नाही. 9.4 पासूनचा 'कन्करंटली' पर्याय वाचकांना अडवत नाही आणि फक्त फरक लिहितो, पण त्याला युनिक इंडेक्स (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारी सूची) लागतो आणि क्वेरी दरवेळी पूर्ण चालतेच.