थंडीत ट्रॅक्टर चालू न होणे (जुने डिझेल ट्रॅक्टर)

रात्रभर उभ्या असलेल्या डिझेल ट्रॅक्टरचे इंजिन थंड हवेत सेल (स्टार्टर मोटर) मारूनही न पेटणे, फार उशिरा पेटणे किंवा पेटून लगेच बंद पडणे, असा हा दोष आहे. तो मुख्यतः यांत्रिक इंधन पंपाच्या, वीस-तीस वर्षे राबलेल्या ट्रॅक्टरांत दिसतो. महाराष्ट्रात ही तक्रार डिसेंबर-जानेवारीत निफाड, धुळे, जळगाव, परभणी या पट्ट्यांत अधिक ऐकू येते. निफाडला काही हिवाळ्यांत किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्याही खाली गेले आहे. याच दिवसांत द्राक्षबागेत भुरीसाठी सकाळी लवकर ब्लोअर चालवायचा असतो आणि उसाच्या ट्रॉल्या पहाटेच कारखान्याकडे निघायच्या असतात. त्यामुळे सकाळचा एक तास गेला तरी शेतकऱ्याला तो चांगलाच महागात पडतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबाने हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोजलने उडवलेले डिझेल आपोआप पेटते. जर्मन अभियंता रूडॉल्फ डिझेल याला या तत्त्वाचे पेटंट १८९३ मध्ये मिळाले आणि त्याचे नीट चालणारे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे तयार झाले. तेव्हापासून थंडी ही या इंजिनाची जन्मजात अडचण आहे. ती नेमकी किती मोठी, हे साध्या हिशेबाने कळते.

१७:१ संपीडन गुणोत्तराचे, म्हणजे हवा सतराव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबणारे इंजिन घेऊ. पहाटेची ८ अंशांची हवा उष्णता अजिबात न गमावता दाबता आली, तर ती सुमारे ६०० अंशांपर्यंत तापेल. प्रत्यक्षात सिलिंडरच्या गार भिंती उष्णता ओढून घेतात आणि चांगल्या इंजिनातही हा आकडा ४८० च्या आसपास येतो. उन्हाळ्यातल्या ३८ अंशांच्या हवेला हेच गणित लावले तर ५६० मिळतात. म्हणजे बाहेरच्या ३० अंशांच्या फरकाचा आत ८० अंशांचा फरक होतो. आता त्याच ८ अंशांच्या पहाटे बॅटरी मरगळलेली आहे आणि पिस्टनच्या रिंगा (सिलिंडरशी असलेली फट बंद ठेवणाऱ्या कड्या) झिजलेल्या आहेत असे धरा. पिस्टन सावकाश वर चढतो. हवेला भिंतींना उष्णता देत बसायला आणि रिंगांच्या कडेने निसटायला भरपूर वेळ मिळतो. मग तापमान ३०० अंशांवरच अडते. उघड्यावर डिझेल २१० ते २५० अंशांना स्वतःहून पेटते हे खरे, पण सिलिंडरमध्ये त्याला वाफ होऊन पेटायला सेकंदाचे एक-दोन शतांशच मिळतात. तेवढ्यात ३०० अंश पुरत नाहीत.

हिवाळ्याने ८० अंश नेले आणि मंद सेल व गळत्या रिंगांनी आणखी १८०. दुरुस्ती कुठून सुरू करायची ते या दोन आकड्यांवरूनच ठरते. थंडीला दोष देऊन भागत नाही; शेजारचा त्याच मॉडेलचा ट्रॅक्टर त्याच थंडीत अर्ध्या सेलात चालू होत असतो.

धुरावरून निदान

पाना हातात घेण्याआधी एकाने सेल मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरकडे पाहावे. इंजिन जोमाने फिरते आहे, पण धूर अजिबात नाही, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोचत नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो आहे, तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही. उष्णता कमी पडते आहे. इंजिन फिरतानाच रडत असेल किंवा नुसते ‘टक्’ होऊन थांबत असेल, तर धुराकडे पाहायची गरज नाही, आधी बॅटरी आणि तिच्या वायरी पाहाव्यात. या तीन खुणांनी निम्म्याहून अधिक फुकटचा खर्च वाचतो. धूर न पाहता थेट पंप उतरवून कॅलिब्रेशनला नेणारे मिस्त्री आहेत, आणि पंप परत बसवल्यावर ट्रॅक्टर चालू झालाच, तर त्याचे कारण बहुधा पंप बसवताना एअर (डिझेलच्या नळीत अडकलेली हवा) काढली हे असते.

आणखी एक खूण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सकाळी गार असताना पटकन चालू होणारा आणि दुपारी तापल्यावर मात्र हटून बसणारा ट्रॅक्टर असेल, तर पंपाच्या आतले भाग झिजले असण्याची शक्यता मोठी. तापलेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या फटीतून मागे निसटते. म्हणजे झिजलेला पंप उलट गरम असतानाच जास्त छळतो. फक्त सकाळीच त्रास देणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत पंपावर संशय शेवटी घ्यावा.

सेल, बॅटरी, वायरी

इंजिन पेटायला सेलने ते मिनिटाला साधारण १५० ते २०० फेऱ्यांनी फिरावे लागते. थंडीत दोन गोष्टी एकाच वेळी उलट जातात: इंजिन ऑइल दाट होते, म्हणून फिरवायला जोर जास्त लागतो, आणि बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून जोर कमी मिळतो. ० अंशांना शिसे-आम्लाच्या बॅटरीची क्षमता नेहमीच्या सुमारे चार-पंचमांश उरते. त्यात भर म्हणजे महाराष्ट्रातला उन्हाळा. बॅटरीच्या प्लेटा गंजतात एप्रिल-मेच्या उष्णतेने. त्यांची दुर्बलता उघडी पडते डिसेंबरात.

१२ व्होल्टची पूर्ण चार्ज बॅटरी रात्रभर नुसती ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल मारताना हा आकडा १० च्या बराच खाली घसरला, तर बॅटरी थकली आहे किंवा सेल जास्त करंट ओढतो आहे. सेल मारताना बॅटरीवर व्होल्टेज चांगले आहे आणि इंजिन तरी हळू फिरते, तर दोष वायरीत शोधावा. बॅटरीची ऋण बाजू चेसिसला जोडणारी पट्टी जुन्या ट्रॅक्टरवर हमखास गंजलेली किंवा रंगावरच बोल्टने कसलेली सापडते. ती सोडून, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासून परत कसली की सेलचा आवाजच बदलतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी व खाण्याच्या सोड्याने धुवावी. हे सगळे करूनही सेल जड वाटला तर त्याचे कार्बन ब्रश आणि बुश पाहावेत. बुश झिजून आतला फिरता भाग बाजूला घासत असला की सेल करंट खातो आणि फिरत मात्र नाही.

क्लच दाबून सेल मारण्याची जुनी सवय थंडीत फार उपयोगी आहे. गिअरबॉक्समधले दाट ऑइल ढवळण्याचे काम त्यामुळे वाचते. इंजिन ऑइलमध्ये एकेरी ४० क्रमांकाऐवजी १५डब्ल्यू-४० वापरल्यानेही फरक पडतो. ‘डब्ल्यू’ आधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत पातळ राहते. एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नये आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे, नाहीतर सेलची वाइंडिंग जळते.

रात्रीत धरलेली एअर

पुष्कळदा थंडीच्या नावावर खपणारा दोष खरा एअरचा असतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत कुठेतरी बारीक फट असते: फिल्टरच्या बोल्टखालचा तांब्याचा वायसर चेपलेला, रबरी नळी चिरलेली, फीड पंपाची (टाकीतले डिझेल मुख्य पंपाकडे ढकलणाऱ्या छोट्या पंपाची) झडप नीट न बसणारी. दिवसा चालू इंजिनात ते कळत नाही. रात्री मात्र डिझेल हळूहळू टाकीकडे उतरते आणि त्याच्या जागी हवा शिरते. याची परीक्षा अगदी सोपी आहे. सकाळी सेल मारण्याआधी फीड पंपाचा हातदांडा वीस-तीस वेळा मारावा. त्यानंतर ट्रॅक्टर पहिल्या सेलात चालू झाला, तर गुन्हेगार सापडला.

एअर काढताना क्रम टाकीकडून नोजलकडे असतो. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातदांडा मारायचा, मग पंपावरचा स्क्रू, आणि शेवटी नोजलच्या नळ्यांचे नट सैल करून सेल मारायचा. या नळ्यांत पावणेदोनशे-दोनशे बारच्या आसपास दाब तयार होतो. तिथे उडणारी बारीक चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. तपासायला बोट कधीही लावू नये, आणि तसे झालेच तर जखम किरकोळ दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा. यासोबत स्टॉपरची (इंजिन बंद करण्याच्या दांड्याची) केबल पाहायला विसरू नये. गंजलेली केबल अर्ध्यात अडकली की पंप बंद अवस्थेतच राहतो आणि बाकी सगळे ठीक असूनही तासभर सेल मारला जातो.

फिल्टरच्या वाटीत साचलेले पाणी हिवाळ्यात आठवड्याला एकदा काढावे. टाकी संध्याकाळी भरून ठेवली तर रिकाम्या जागेतली ओल तिच्या भिंतींवर कमी जमते.

हवा तापवण्याची साधने

थंड इंजिनाला मदत म्हणून कारखान्यातूनच काही सोय दिलेली असते. ज्या इंजिनांत डिझेल आधी छोट्या पूर्वकोठडीत उडते, त्यांना प्रत्येक सिलिंडरमागे एक हीटर प्लग असतो. जुन्या रचनांत हे प्लग एकामागोमाग एक जोडलेले असत. त्यामुळे एक गेला की सगळेच गार. थेट सिलिंडरमध्ये डिझेल उडवणाऱ्या इंजिनांत बहुधा सेवन नळीत एकच साधन असते. त्यातल्या थर्मोस्टार्टची करामत पाहण्यासारखी आहे: विजेने कॉइल तापते, तापून तिची झडप उघडते, थेंब थेंब डिझेल कॉइलवर पडून पेटते आणि आत जाणारी हवा त्या ज्योतीवरून जाते. चावी हीटच्या खुणेवर पंधरा-वीस सेकंद धरून मगच सेल मारायचा असतो. जुन्या ट्रॅक्टरांत हे साधन जागेवर दिसते, पण वायर तुटलेली किंवा डिझेलची बारीक नळी कुणीतरी ठोकून बंद केलेली असते. ते पुन्हा जिवंत करणे इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

इंजिनाची रचनाच थंडीला हळवी असण्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील फर्ग्युसन ३५. त्याचे चार सिलिंडरचे स्टँडर्ड डिझेल इंजिन थंडीत चालू न होण्याबद्दल इतके कुप्रसिद्ध होते की १९५९ च्या अखेरीस त्याजागी पर्किन्सचे तीन सिलिंडरचे, थेट डिझेल उडवणारे इंजिन आले. भारतात चेन्नईच्या टॅफे या ट्रॅक्टर कंपनीने बनवलेला मॅसी फर्ग्युसन १०३५ त्याच तीन सिलिंडरच्या परंपरेतला.

गरम पाणी हा घरगुती उपाय खरोखर चांगला आहे, जर रेडिएटरमध्ये साधे पाणी असेल तर. रात्री पाणी काढून ठेवावे आणि सकाळी सोसवेल इतके गरम पाणी भरावे. उकळते नको, गार हेडला तडा जाऊ शकतो. हेच पाणी इंधन पंपावर मात्र ओतू नये. त्याच्या आतल्या भागांतील फट काही मायक्रॉनची असते, आणि एकाच बाजूने एकदम गरम झाल्यास पंप जाम होऊ शकतो.

डिझेल गोठणे

फार थंडीत डिझेलमधील मेणाचे कण वेगळे होऊन फिल्टर तुंबवतात. भारतीय मानकात हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत, तर उन्हाळी डिझेल १८ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिले पाहिजे अशी मर्यादा आहे. महाराष्ट्रात हा त्रास क्वचितच होतो. झालाच तर उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या बॅरलच्या डिझेलमुळे. लडाखमध्ये तो रोजचा असल्याने इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल आणले.

घातक उपाय

इथरचा स्प्रे एअर क्लीनरमध्ये मारला की ट्रॅक्टर चालू होतो, म्हणून तो लोकप्रिय आहे. इथर डिझेलपेक्षा खूपच कमी तापमानाला आणि वेळेआधी पेटतो. पिस्टन वर येत असतानाच स्फोट झाल्याने रिंगा मोडतात, पिस्टनला तडे जातात. हीटर किंवा थर्मोस्टार्ट तापलेला असताना तो मारणे म्हणजे सेवन नळीतच भडका. पेटता बोळा एअर क्लीनरसमोर धरणेही तसेच. जुन्या एअर क्लीनरच्या तळाला ऑइल असते आणि तेच पेट घेते.

झिजलेल्या रिंगा काही काळ सील व्हाव्यात म्हणून सेवन नळीतून इंजिन ऑइल ओतणारे त्याचे प्रमाण जाणत नाहीत. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर असताना जेमतेम ६० घन सेंटिमीटर जागा उरते. ऑइल दाबले जात नाही. जास्त झाले तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

सर्वांत जिवघेणा प्रकार म्हणजे मागच्या चाकापुढे जमिनीवर उभे राहून स्क्रू ड्रायव्हरने सेल डायरेक्ट करणे, म्हणजे चावीऐवजी सेलची टोके थेट जोडणे. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर इंजिन पेटताच चाक माणसावर येते, आणि मागे सरायला वेळच मिळत नाही. असे मृत्यू झाले आहेत. सेल नेहमी सीटवर बसून, न्यूट्रल तपासूनच मारावा. टोचन करून (दुसऱ्या वाहनाने ओढून) किंवा उतारावरून चालू करायचेच असेल तर वरचा गिअर घ्यावा, खालच्या गिअरने चाके घसरतात. मात्र रोज टोचन लागणारा ट्रॅक्टर दुरुस्तीला आलेलाच असतो.

चालू झाल्यानंतर इंजिन दोन-चार मिनिटे हलक्या वेगाने, बिनओझ्याचे चालू द्यावे. पांढरा धूर या काळात विरळ होत जातो. पाणी तापल्यावरही तो राहिला आणि इंजिन लंगडत असेल, तर नोजलच्या नळीचा एकेक नट अंगापासून दूर राहून, कापड धरून जरा सैल करून पाहावा. ज्या नळीचा नट सैल करून इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तिचा सिलिंडर काम करत नाही: तिथे आधी नोजल, मग वाल्व्हचे सेटिंग आणि शेवटी कंप्रेशन तपासावे.