गायतोंडे, वासुदेव संतू

(२ नोव्हेंबर १९२४ – १० ऑगस्ट २००१). आधुनिक भारतीय चित्रकार. जन्म नागपूर येथे, मूळ गोव्याच्या कुटुंबात. बालपणाचा बराच काळ मुंबईत गिरगावात गेला. सर ज. जी. कलाशाळेतून पदविका (१९४८). १९५० च्या सुमारास मुंबईतील आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी संबंध आला. पुढे हेब्बर, आरा, सामंत आदी चित्रकारांच्या बॉम्बे ग्रुपमध्येही ते होते. मात्र कोणत्याही गटाच्या भूमिकेशी त्यांची चित्रे बांधलेली दिसत नाहीत.

कलाशाळेत जगन्नाथ अहिवासी यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय लघुचित्रपरंपरेचा जो अभ्यास झाला, त्याच्या खुणा आरंभीच्या आकृतिप्रधान चित्रांत स्पष्ट आहेत. पहाडी लघुचित्रांच्या बसोली शैलीतील सपाट, तापलेले रंगक्षेत्र आणि जैन पोथीचित्रांतील कोनदार रेषा त्यांनी उचलली. छायाप्रकाशाने गोलाई आणण्याची अकादमिक सवय सुटली ती याच काळात. स्विस-जर्मन आधुनिक चित्रकार पाउल क्लेचा प्रभाव त्यानंतरचा. क्लेची कल्पनासृष्टी त्यांनी फारशी घेतली नाही. रेषा वस्तूच्या वर्णनातून मोकळी होऊ शकते, हे मात्र तिथून घेतले, असे मानण्यास जागा आहे. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आकृती विरत जाते आणि साधारण १९५९ नंतर ती जवळपास नाहीशी होते.

या बदलाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर गायतोंडे न्यूयॉर्कला गेले. तेथे पाहिलेल्या चित्रांमुळे, विशेषतः अमेरिकन अमूर्त चित्रकार मार्क रॉथकोच्या रंगपटांमुळे, त्यांची शैली घडली असे एक मत पाश्चात्त्य समीक्षेत आणि लिलावांच्या सूचिपत्रांत वारंवार येते. कालक्रम त्याला फारसा अनुकूल नाही. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातील त्यांचे चित्र १९६२ चे आहे आणि परिपक्व शैलीची लक्षणे त्यात आधीच आहेत. अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्हज १९६३ च्या सुमारास त्यांचे काम पाहून प्रभावित झाले, तेही मुंबईत. तंत्रही वेगळे आहे. रॉथको पातळ रंगाचे थर कुंचल्याने चढवत, कॅनव्हासमध्ये मुरवत जातात. गायतोंडे चढवलेला रंग पुन्हा काढतात. न्यूयॉर्कच्या वास्तव्याने आधीच धरलेल्या वाटेला बळ मिळाले, एवढेच म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. दुसरे मत झेन या ध्यानप्रधान बौद्ध पंथाच्या विचाराकडे निर्देश करते. १९५९ च्या आसपास त्यांना झेनची ओढ लागली, हा काळ शैलीतील बदलाशी जुळतो. अर्थात वाचनातून आलेला विचार आणि रंगाच्या हाताळणीतून आलेली रीत यांत आधी कोण, हे केवळ जुळत्या तारखांवरून ठरवता येत नाही.

तंत्र : कॅनव्हासवर तैलरंगाचा पातळ थर रोलरने फिरवून पसरला जातो. तो ओला असतानाच वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे फाडलेले, कातरलेले कागद त्यावर दाबून उचलतात. कागदाबरोबर काही रंग निघून येतो, काही दुसरीकडे उमटतो. काही भाग पॅलेट नाइफने (रंग मिसळण्याच्या पातळ पात्याने) खरवडला जातो. वाळल्यावर पुढचा थर, आणि पुन्हा तीच क्रिया. त्यामुळे चित्राच्या मध्यभागी अक्षरासारखे, न वाचता येणारे जे आकार तरंगताना दिसतात, त्यांतले बरेचसे रंगवलेले नसून मागे राहिलेले असतात. प्रकाश आतून येतो असे वाटते ते खालचा थर वरच्यातून दिसत राहतो म्हणून; छापील प्रतिकृतीत हे जवळजवळ सगळे हरवते. योगायोगाला येथे वाव आहे, पण तो स्वीकारायचा की पुसायचा याचा निर्णय दीर्घ निरीक्षणानंतर होई. वर्षाला मोजकीच चित्रे पूर्ण होत. साठच्या दशकात आडव्या पटाचे, क्षितिजाचा भास देणारे काम बरेच आहे. सत्तरच्या दशकापासून उभा पट रूढ होतो.

‘अमूर्त’ हे विशेषण त्यांना मान्य नव्हते. आपल्या कामाला ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ (वस्तुनिरपेक्ष) म्हणत, आणि बहुतेक चित्रांना शीर्षक देत नसत. निर्मितीमागची प्रेरणा ते शांततेशी, मौनाशी जोडत. रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि मुंबईत खेतवाडीत मराठीतून निरूपण करणारे निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांकडे त्यांचा ओढा होता. तथापि चित्रांना अध्यात्माचे दृष्टांत समजणे चुकीचे ठरेल. त्यांत प्रतीके शोधणारा रसिक बहुधा निराश होतो. कलावंतांना कामासाठी जागा देणाऱ्या मुंबईतील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमधील वर्षांत त्यांच्याभोवती संगीत आणि नाटकाची मंडळी होती. अभिजात संगीताची त्यांना आवड होती, पण त्याचा चित्रांवरील परिणाम नेमका दाखवणे अवघड आहे.

१९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई कलाकारांच्या प्रदर्शनात पारितोषिक, १९७१ मध्ये पद्मश्री. १९७२ मध्ये ते दिल्लीत गेले आणि निजामुद्दीन पूर्व भागात जवळपास एकांतात राहिले. १९८४ मधील अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवरचे काम काही वर्षे थांबले. या काळात कागदावरील लहान रेखनांकडे ते वळले. मृत्यूनंतर बाजारभाव झपाट्याने चढले. १९७९ चे एक चित्र डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात २३.७ कोटी रुपयांना गेले, आणि लेखनाचा बराचसा भर आकड्यांकडे वळला. २०१४–१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात त्यांची चित्रे आहेत.